भिंतीपलीकडची शिकवणी

१

दुपारी कडूबा चितेगावच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेला, भांडी पालथी पडली, की आवडाबाई सूप घेऊन स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसायची. ज्वारी निवडायला उजेड खरं तर पुढच्या खोलीत चांगला होता. पण पुढच्या खोलीत पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं.

सिडकोतली ती जोडघरं. दोन घरांत मिळून एकच भिंत, तीही एका विटेची. पलीकडं कुणी खोकललं तर अलीकडच्यानं पाणी द्यावं, इतकी पातळ. आवडाबाईला त्यात लपवण्यासारखं काही वाटायचं नाही. सातवी शिकलेली, पन्नाशीची, दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय न सोडणारी बाई. जी चौकशी करते तीच वेळेला धावून येते असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शेजारचे श्रीधरकाका न्हाणीत पडले ते तिलाच पहिल्यांदा कळलं होतं.

काका ब्याऐंशी वर्षांचे, एकटे. पोलीस ॲक्शनच्या आधी निजामाच्या तहशील कचेरीत होते. पुढं राज्य बदललं, उर्दू जाऊन कारभार मराठीत आला, तरी लोकांचे जबाब लिहून घ्यायचं काम निवृत्तीपर्यंत त्यांच्याकडंच राहिलं. आता मात्र सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी पुतण्या हेमचंद्र सांभाळायला म्हणून राहायला आला, आणि गेल्या महिन्यापासून दुपारची ही शिकवणी सुरू झाली होती.

"नाव?" पलीकडून दबका, सावकाश आवाज विचारायचा.

"श्रीधर."

"वल्द?"

"वामन."

"उम्र?"

"ब्याऐंशी."

"घर कुणाला देता?"

"पुतण्याला. हेमचंद्राला."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"राजीखुशीनं."

आवडाबाईला कळायला वेळ लागला नाही. काका मृत्युपत्र करणार होते. त्यांना चालता येत नाही म्हणून नोंदणी कचेरीचे साहेब घरी येणार, चार प्रश्न विचारणार आणि म्हातारा शुद्धीवर आहे का ते बघणार. पुतण्या तेच चार प्रश्न घोकून घेत होता.

"पोपटासारखं पढवतंय मेलं म्हाताऱ्याला," ती खडा वेचत म्हणाली आणि सूप जरा मागं सरकवून अजून टेकून बसली.

२

हेमचंद्रानं तिला फाटकाशी गाठलं. स्कूटर उभी केली, रुमालानं मान पुसली.

"काकू, एक काम होतं."

"साक्षीला सही पायजे ना?"

तो गडबडला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या भिंतीनं."

"हां," तो हसला. "भिंतीचं माहीत आहे मला. उपकारच आहेत तुमचे. समोरचे बद्रीनाथ एक, तुम्ही दुसऱ्या. दोन साक्षीदार झाले की झालं."

उपकार कसले ते तिला उमगलं नाही. सहीचेच असतील, असं धरून ती पुढं बोलली. "आन दमयंतीचं काय रे? पोटची पोर हाय ती काकांची."

"ताई नांदेडला. वर्षातून दोनदा येणार, डोळे पुसणार, जाणार. अंग कोण पुसतं? गोळ्या कोण देतं?"

"अंग तू पुसतोस, नाय म्हणत नाय मी. पण तिची पत्रं येतात ती काकांना कोण वाचून दाखवतं?"

हेमचंद्र स्कूटरच्या आरशात बघत राहिला. वाईट पोरगा नव्हता तो. फक्त भाड्याच्या खोल्यांत चाळिशी उलटली होती.

संध्याकाळी आवडाबाई वाटीभर सांजा घेऊन काकांकडं गेली. काकांनी चमचा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"यमुना, हे काय असतं?"

यमुनाबाई, त्यांची बायको, जाऊन नऊ वर्षं झाली होती. आवडाबाईनं चमचा घेतला आणि स्वतःच्या हातानं सांजा भरवला. घरी येऊन तिनं कडूबाला सांगून टाकलं.

"म्हाताऱ्याला चमचा वळखू येत नाय. मी साहेबाला तोंडावर सांगणार."

"तुला काय करायचंय दुसऱ्याच्या घरात?"

"सही मागायला तो माझ्या दारात आलाय. मी नाय गेले."

कडूबा जेवत राहिला. बायको एकदा म्हणाली म्हणजे करणार, हे त्याला पंचवीस वर्षांत ठाऊक झालं होतं.

३

मंगळवारी शिकवणी चालू असताना दारात भाजीवाली आली. आवडाबाई मेथीची जुडी घेऊन वळली तर शेजारच्या दाराला बाहेरून कुलूप. स्कूटर नव्हती. हेमचंद्र रोज सकाळी काकांना आत ठेवून, कुलूप लावून कचेरीत जायचा, सहाला यायचा. हे तिला ठाऊकच होतं, पण शिकवणीशी तिनं ते कधी जोडलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात आली. पलीकडं चाललंच होतं.

"वल्द?"

"वामन."

टेप लावून जात असणार. तिला हायसं वाटलं, वर हेमचंद्राच्या हुशारीचं थोडं कौतुकही. पाच मिनिटांनी वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला, गल्लीतले रेडिओ बंद झाले, पिठाच्या गिरणीचा पट्टा थांबला. त्या शांततेत भिंतीतून आवाज आला, "उम्र?"

सेलवर चालत असंल.

पण टेप थांबत नाही. हा आवाज थांबायचा. काका अडखळले की वाट बघायचा, एकदा तर चांगला मिनिटभर, आणि मग तोच प्रश्न जरा हळू विचारायचा. मग तिच्या ध्यानात आलं. काकांनी जन्मभर लोकांना हेच विचारलं. वल्द, उम्र, साकिन, म्हणजे बापाचं नाव, वय, राहणार कुठं. हेमचंद्राला कुठून येणार हे शब्द? म्हातारा स्वतःच विचारतोय आणि स्वतःच सांगतोय. डोकं फिरलं की माणूस आपल्या जुन्या कामावर जातो. तिचा आजा शेवटी अंथरुणावर बसून बैलं हाकायचा. झालं, इतकं सोपं होतं.

तिनं मेथी निवडायला घेतली. पलीकडं काका शेवटचं लांब उत्तर म्हणत होते, "कुणाच्याही दाबदडपणाखाली न येता, अक्कलहुशारीनं..." आणि ते म्हणत असतानाच, त्यांचं वाक्य संपायच्या आत, दुसरा आवाज म्हणाला, "पुन्हा."

दोन्ही आवाज क्षणभर एकावर एक आले.

आवडाबाईनं मेथीची काडी मोडली.

४

गुरुवारी दमयंती आली. नांदेडच्या एसटीतून उतरून थेट, हातात पिशवी, आणि बापाच्या दाराला कुलूप.

"काकू, आत माणूस असताना?"

"आत ये आधी. पाणी पी. सहाला येतो तो."

दमयंती पंचेचाळीसची, शाळेत मास्तरीण. पण त्या दिवशी ती पाटावर लहान पोरीसारखी बसली. आवडाबाईनं चहा टाकला, मृत्युपत्राचं सगळं सांगितलं, काही वगळलं नाही.

"मला घर नको हो काकू," दमयंती म्हणाली. "आमचं आहे तिथं. पण हेमचंद्र मला म्हणाला, काका विचारलं तर सांगतात मला मूलबाळ नाही. ते कागदावर राहायला नको. साहेब येतील तेव्हा तुम्ही फक्त खरं सांगा. म्हणजे बाबांना कळत नव्हतं, एवढं तरी राहील. कळून सवरून त्यांनी मला वगळलं, असं नको."

"सांगंन. माझ्या तोंडाला कुलूप नाय कुणाचं."

तेवढ्यात भिंतीपलीकडं सुरू झालं. दमयंतीनं कप खाली ठेवला.

"नाव?"

"श्रीधर."

"मुलं किती?"

"नाहीत."

दमयंती उठली आणि तिनं तळहात भिंतीला लावला. "बाबा! मी दमयंती! बाबा, मी नांदेडला आहे, सुखात आहे मी. माझी काळजी करू नका हं."

पलीकडं शांत झालं. आवडाबाईचं काळीज तुटलं आणि डोकं फिरलं, दोन्ही एकदम. तिनं पळीनं भिंत ठोकली.

"काका! एक लेक हाय तुमाला. दमयंती. नांदेडला असते. नीट ध्यानात ठेवा!"

मग आवाज आला. रोज यायचा तिथून नव्हे, तर भिंतीच्या अगदी गिलाव्यामागून, तिच्या कानाच्या उंचीवर.

"नाव?"

काकांनी उत्तर दिलं नाही.

"नाव?" जरा हळू.

"मलाच इचारतेत जणू," आवडाबाई हसून म्हणाली. आणि विचारलंय तर सांगावं, म्हणून तिनं सांगितलं. "आवडाबाई."

"जौजे?"

म्हणजे बायको कुणाची. तिच्या बापाच्या पैठणकडच्या शेताच्या जुन्या कागदावर तो शब्द होता. "कडूबाची."

"उम्र?"

"पन्नास."

"साक्ष देता?"

"देते की. खरं त्येच सांगंन."

"राजीखुशीनं?"

"व्हय."

पलीकडं कागदावर टाक फिरल्यासारखी कुरकुर झाली, मग थांबली.

दमयंतीनं भिंतीवरचा हात कधीच काढून घेतला होता. "काकू," ती म्हणाली, "हा बाबांचा आवाज नाही."

"म्हातारपणी आवाज बदलतो गं," आवडाबाई म्हणाली आणि निवलेला चहा पुन्हा गॅसवर ठेवला.

सहाला हेमचंद्र आला. त्यानं दार उघडलं, दमयंतीला दहा मिनिटं बसू दिलं. काका तिच्याकडं पाहुण्या बाईकडं बघावं तसे बघत होते. दुसऱ्या दिवशी शाळेत परीक्षा, म्हणून ती रात्र व्हायच्या आत स्टँडवर गेली. जाताना आवडाबाईचा हात तिनं घट्ट दाबला.

५

"काकू, उद्या अकराला येतायत साहेब," हेमचंद्र सकाळी फाटकावरून म्हणाला. "आणि खरं सांगू? तुमच्यामुळं झालं सगळं. मला कुठली दुपारी सवड. पण गेल्या महिन्यात एकदा लवकर आलो, तर तुमची शिकवणी रंगात आलेली. मी पाऊल न वाजवता परत गेलो."

"माझी शिकवणी?"

"भिंतीतून घेता ती. तुम्हीच विचारता ना?"

"अरे, वल्द आन उम्र मला कुठून येणार? मला वाटलं तू टेप..."

"टेप कुठंय आमच्याकडं?"

हेमचंद्र आधी हसला. मग त्यानं खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली आणि कचेरीची वेळ झाली म्हणत निघून गेला. घाईत हेल्मेट कठड्यावरच राहिलं.

आवडाबाई काही भिणारी बाई नव्हती. दुपारी भरउन्हात तिनं शेजारचं कुलूप काढलं. पुढची खोली बंद पंख्याची, औषधाच्या वासाची. आतून आवाज येत होता. ती मधल्या दारात पोचली आणि आवाज थांबला.

काका भिंतीकडं तोंड करून खुर्चीत बसले होते. हात मांडीवर, शाळेत बसतात तसे. त्यांच्यासमोर, भिंतीला पाठ लावून, दुसरी खुर्ची. वेताची, रिकामी. ती पुढच्या खोलीतली होती. काकांना ती उचलणं तर दूर, सरकवणंही जमलं नसतं.

रिकाम्या खुर्चीची वेताची बैठक खाली दबलेली होती. आवडाबाईच्या देखत ती करकरत हळूहळू वर आली.

"जुना वेत," ती मोठ्यानं म्हणाली. "उन्हानं वाजतो."

तिनं खुर्ची उचलली, पुढं नेऊन ठेवली आणि मधल्या दाराला कडी घातली. मग आठवलं, काका आत राहिले. कडी काढली. काकांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की त्यांना सगळं कळतंय.

"बाई," ते पुटपुटले, "तुम्ही कशाला उत्तर दिलं?"

तिनं त्यांना पाणी पाजलं, तोंड पुसलं. उद्या खरं सांगायचं, की झालं. एकदा साहेबासमोर खरं बोललं की शिकवणीला कारणच उरणार नव्हतं.

६

साहेब तरुण होते, घामाघूम. बरोबर शिपाई, शाईचा पॅड आणि डॉक्टरचा दाखला. बद्रीनाथ आधीच पेनाचं टोपण काढून बसले होते. ते लग्नाच्या आमंत्रणापासून अर्जापर्यंत कशावरही सही करायचे. आवडाबाई घराला कुलूप लावून, किल्ली कनवटीला खोचून आली होती. हिरवं लुगडं नेसून, ठाम.

"आजोबा, नाव सांगा."

"श्रीधर वल्द वामन. उम्र ब्याऐंशी. साकिन हेच घर."

साहेब हसले. "जुन्या वळणाचे दिसतात. मुलं किती?"

आवडाबाई पुढं झुकली. आता चुकणार होते काका. इथं साहेबांना कळणार होतं.

"एक लेक. दमयंती. नांदेडला असते."

"तिला का देत नाही घर?"

"ती सुखात आहे. माझी काळजी करू नका म्हणाली."

साहेबांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. शब्द ओळखीचे होते. एक तिचा होता, एक त्या पोरीचा. दोघींनीच म्हाताऱ्याच्या ओटीत घातले होते ते.

"बाई, तुम्ही शेजारच्या ना? रोज बघता यांना. शुद्धीवर असतात?"

तिनं रात्रभर वाक्य जुळवून ठेवलं होतं. नाय साहेब, त्यांना चमचा वळखू येत नाय, लेक समोर बसली तरी वळखू येत नाय. तिनं तोंड उघडलं.

"नाव?"

भिंतीतून आला आवाज. पण ती आता भिंतीच्या या बाजूला होती. पलीकडं तिचं स्वतःचं स्वयंपाकघर होतं, कुलूप घातलेलं.

कुणी मान वर केली नाही. शिपाई पॅडवरची शाई बघत होता, हेमचंद्र जमिनीकडं. फक्त काकांनी भिंतीकडं बघितलं आणि लांब श्वास सोडला. आपली पाळी संपली की माणूस सोडतो तसा.

समोर लोखंडी कपाटाचा आरसा होता. त्यात खोली दिसत होती, साहेब, बद्रीनाथ, ती स्वतः, आणि तिच्या मागं भिंतीशी एक हात. मनगटापर्यंत काळी बाही, बोटांना शाई. हात लिहीत होता, उजवीकडून डावीकडं. मग तो थांबला. तिच्यासाठी थांबला होता. फार धीराचा हात होता तो, कितीही वेळ थांबला असता.

तिनं वर बघितलं नाही.

"आवडाबाई जौजे कडूबा," ती म्हणाली, आणि त्यामागून बाकीचं आपोआप आलं, कुठं न अडखळता, तिच्या बोलीतलं एक व्हय की एक नाय त्यात नव्हतं. "होय साहेब. पूर्ण शुद्धीवर असतात. मी त्यांना रोज पाहते. कुणाचंही दाबदडपण नाही."

"छान," साहेब म्हणाले. "इथं सही करा."

७

काका त्या दिवसापासून बोलले नाहीत. दुपारी भिंतीपलीकडं काही ऐकू येत नव्हतं. आवडाबाई ज्वारी निवडायला पुढच्या खोलीत बसू लागली.

पण तिला चैन नव्हतं. ती हरणारी बाई नव्हती. काका अजून होते, आणि माणूस आहे तोवर मृत्युपत्र बदलता येतं, वाद घालता येतो. दमयंतीला कळायला हवं होतं. तोंडानं सांगायला गेलं की ती भाजीच्या भावावरच बोलून बसायची. कडूबालाही तिनं अजून काही सांगितलं नव्हतं. तोंडानं होत नाही तर लिहून. लिहिताना मध्ये कोण येणार?

रविवारी सकाळी, उजेडात, ती वहीचा कागद घेऊन बसली. चमचा लिहायचा. कुलूप लिहायचं. तुझे बाबा तुला विसरले ते रोगानं गं पोरी, मनानं नाही, हे तर आधी लिहायचं. ती तासभर लिहीत होती. एकदाही थांबावं लागलं नाही. कपाळावरचा घाम पुसून तिनं पेन ठेवलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

कडूबा चहा पीत मागं उभा राहिला आणि तिच्या खांद्यावरून वाचू लागला.

*लिहून देणार आवडाबाई जौजे कडूबा, उम्र पन्नास. लिहून देते की श्रीधर वल्द वामन यांनी आपली लेक दमयंती हिला पूर्ण अक्कलहुशारीने, समजून उमजून वगळले आहे. याबद्दल माझी काही तक्रार नाही व पुढे राहणार नाही.*

"लई झकास लिव्हलंस," कडूबा म्हणाला. "अक्षर तर वळखूच येईना तुझं. कुणी सांगितलं गं हे?"

आवडाबाईनं पत्र पुन्हा एकदा वाचलं. तिला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. तिनं घडी घातली, पाकिटावर नांदेडचा पत्ता लिहिला.

"कुणी कशाला सांगंल?" ती म्हणाली. "माझ्या मनानं लिव्हलंय."